पुसलं की मिटलं

मंगळवारी सकाळी पोलीस आमच्या घरी आले. त्यांनी माझ्या नवऱ्याला गाडीत बसवलं आणि घरातला संगणक यांच्याच मांडीवर ठेवला. मी दाराला कुलूप लावलं, रिक्षा केली आणि मागून गेले.

त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय नंतरचं कळायचं नाही.

माझे यजमान एका शाळेत चित्रकला शिकवत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घर पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तिथं लाल माती असते, गणपती बसतो, पेठेचा फुटबॉल संघ तिथून निघतो, आणि कुणाचं कुणाशी वाजलं तर ते मिटवायलाही माणसं तिथंच जातात. आमच्या तालमीच्या भिंतीला, रस्त्याच्या अंगाला, एक काळा फळा होता. नव्वदच्या दशकात आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हापासून तो माझे यजमान लिहीत. शाळेत जाण्यापूर्वी अर्धा तास. कोण वारलं, कुणाची मुलगी पास झाली, पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, सामना किती वाजता. खडू ते साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवत. त्यानं अक्षर ठसठशीत उमटतं आणि वाऱ्यानं झडत नाही.

फुटबॉलचा हंगाम आला की फळ्याचा सूर बदले. शेजारच्या पेठेच्या तालमीचाही फळा होता आणि दोन्ही फळ्यांचं एकमेकांशी बोलणं चाले. एकदा यांनी लिहिलं, "शेजारी गोलकीपर पाहिजे. दोन हात असल्यास प्राधान्य." दुसऱ्या दिवशी तिकडे उत्तर आलं, "हात आहेत. तुमच्या सेंटर फॉरवर्डला पाय फुटले की कळवा." सकाळी दूध आणायला गेलेली माणसं आधी आपला फळा वाचत, मग वाकडी वाट करून त्यांचा वाचून येत.

या फळ्याला नियम होते. ते कुणी कधी लिहून ठेवले नव्हते, पण पोरासोरांनाही ठाऊक होते. शिवी नाही. बाईमाणसाविषयी नाही. देवाविषयी नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट नाही. आणि एवढं पाळूनही कुणाला लागलंच, तर त्यानं फळ्यापाशी यायचं आणि तोंडानं सांगायचं. मग लिहिणाऱ्यानं आपल्या हातानं पुसायचं, चौकातल्या माणसांदेखत. डस्टरनं नाही, तळव्यानं. त्यानंतर त्या गोष्टीवर कुणी ब्र काढायचा नाही. याला आमच्याकडे "पुसलं की मिटलं" म्हणत. शेजारच्या पेठेतही हेच चाले.

एकदा तिकडचा एक गृहस्थ तावातावानं आला. मी गॅलरीतून पाहत होते.

"सर, ते आमच्या पोराबद्दलचं पुसा."

"खोटं आहे का ते?"

"खरं हाय. म्हणून तर पुसा म्हंतोय की!"

चौक हसला. तोही हसला. यांनी तळवा फिरवला, हात धोतराला, म्हणजे त्या गृहस्थाच्याच धोतराला, पुसल्यासारखं केलं आणि त्याला चहाला घेऊन गेले. हे सगळं मी इतक्या बारकाईनं सांगते, कारण पुढे जे झालं ते याच सवयीतून झालं.

दोन हजारनंतर गल्लीच्या तोंडाशी नेटकॅफे निघाले. मग घरोघरी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं. आम्हीही संगणक घेतला. मला त्यावर दूरच्या ग्रंथालयांच्या सूच्या बघायला मिळत, त्याचंच मोठं अप्रूप होतं. पेठेतली मुलं शिकायला, नोकरीला पुण्यात आणि त्याच्याही पलीकडे गेली होती. त्यांना तिथं बसून आपल्या फळ्याची आठवण येई. तेव्हा मित्र जोडायची एक साइट फार जोरात होती. तिच्यावर मुलांनी आपल्या संघाच्या नावाचं पान काढलं आणि त्याला नाव दिलं, चौकातला फळा. पान म्हणजे त्याचा कुणीतरी मालक दाखवावा लागे. मुलांनी एका सुट्टीत घरी येऊन सांगितलं, "सर, मालक तुम्हीच. फळा तुमचाच न्हवं का?" यांनी आढेवेढे घेतले, पण त्यांना बरं वाटलं होतं. मुलांनी यांचा फोटो काढला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला घालायच्या कोटातला, आणि तो पानाच्या माथ्यावर लावला. कसं लिहायचं, कसं पुसायचं ते शिकवलं. यांनी पुसायचं आधी शिकून घेतलं.

मानानं दिलेली गोष्ट होती ती. त्या पानावर आपला फोटो असण्याचा आणखी काही अर्थ होतो, हे त्या मुलांच्या किंवा आमच्या ध्यानातही आलं नाही.

इंटरनेटवर सरकारचा अंकुश असावा की नसावा, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आला तो मात्र या पानामुळे नाही. यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिचे वडील वारणानगरला डेअरीत कामाला. मुलगी कोल्हापुरात मावशीकडे राहून कॉलेज करत होती. कुणीतरी तिचा गॅदरिंगमधला फोटो आणि मावशीच्या घरचा टेलिफोन नंबर कुठल्या तरी घाणेरड्या साइटवर टाकला. फोन वाजायला लागले. मावशीनं उचलला तरी पलीकडचा माणूस तेच बोले. वडील यांच्याकडे आले, कारण शहरात त्यांच्या ओळखीचे शिकलेले म्हणजे हेच. आमच्या बाहेरच्या खोलीत ते बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवून त्या टोपीकडेच बघत राहिले.

हे त्यांना घेऊन चौकीवर गेले. तिथल्या हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही साइट कुठली?"

"परदेशातली असावी."

"मग झालं की. परदेशात आमचं कोण ऐकतंय? फोन बदला. पोरीला गावाकडं न्या."

पोरीला गावाकडं नेलं. कॉलेज सुटलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं.

त्या दिवशी चौकीवरून परत आल्यावर यांनी जेवण केलं नाही. म्हणाले, "सरकारनं यावर हात ठेवला पाहिजे."

मी विचारलं, "कुणाचा हात?"

"कुणाचा म्हणजे? मी फळ्यावर ठेवतो तसा."

मला तेव्हा त्यांचं बोलणं पटलं. आजही त्या मुलीच्या वडिलांची आठवण झाली की पटतं. ज्या जागी कुणाचाच हात पोचत नाही, तिथं दुबळं माणूस उघडं पडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कायदा नसलेल्या जागेची भीती कशी असते ते मला माहीत आहे. म्हणून पुढची भीती सांगताना ही लपवून ठेवणं बरोबर नाही.

पान वर्षभर नीट चाललं. तेच टोमणे, तीच उत्तरं, फक्त आता लिहिणारे पुण्यातून, बंगळुरातून लिहीत. मग त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी आमच्या आणि शेजारच्या पेठेच्या संघाचा सामना झाला. मैदानात धक्काबुक्की झाली, दगड आले, पोलिसांनी काठ्या उगारल्या. सोमवारी सकाळी यांनी शाळेत जाण्यापूर्वी पान उघडलं आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"काय झालं?"

"तू बघू नकोस."

मी बघितलं. ज्या व्यक्तीविषयी आमच्या गावात कुणी थट्टेतही वावगं बोलत नाही, तिच्याविषयी कुणीतरी तिथं लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते मी इथं उतरवणार नाही. लिहिणाऱ्याचं नाव खोटं होतं, फोटो नव्हता. त्याला आमच्या पानात कुणी घेतलं, तो कोल्हापूरचा तरी होता का, हे आम्हाला आजही माहीत नाही.

यांनी ते पुसलं. क्षणाचाही विचार केला नाही. आणि पुसल्यावर त्यांनी तळवा लेंग्याला पुसला, जसं काही खडू लागला होता. "बघितलंस ना? पुसलं," ते मला म्हणाले आणि शाळेला गेले.

पण चौकात पुसताना दहा माणसं उभी असत. इथं मी एकटीच होते, आणि मी बायको.

दुपारपर्यंत गावात कागद फिरायला लागले. यांनी पुसण्यापूर्वी कुणीतरी ते पान छापून घेतलं होतं आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. एक कागद ग्रंथालयात माझ्याही टेबलावर आला. वर कोटातला फोटो आणि मालक म्हणून यांचं नाव. खाली तो मजकूर. लिहिणाऱ्याचं ते खोटं नाव मूळ पानावरच बारीक आणि फिक्या निळ्या अक्षरांत होतं. झेरॉक्सवर ते उमटलंच नव्हतं. ज्यानं कागद ठेवला त्या शिपायाला माझे यजमान कोण ते माहीत नव्हतं. म्हणाला, "बघा मॅडम, मास्तर म्हणं. असल्याला उलटा टांगाय पाहिजे."

मी कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि अर्धी रजा टाकून घरी आले. रस्त्यात दुकानांची शटरं अर्धी खाली होती. मला घराकडे बघायचं धैर्य होईना. घर जागच्या जागी होतं. त्या दिवशी कुणी आलं नाही. तालमीचे वस्ताद, साठीचे गृहस्थ, आमच्या बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "वैनी, जावा आत. मी हाय हितं. पुसलंय न्हवं सरांनी? मग मिटलं."

मंगळवारी पोलीस आले.

चौकीत मला बाकावर बसवलं. टेबल समोरच होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. साहेबांसमोर तीच झेरॉक्स होती.

"या पानाचे मालक तुम्ही?"

"हो."

"मग मजकूर तुमचा."

"नाही साहेब. लिहिणारा दुसरा कुणीतरी आहे."

"दाखवा."

"आता नाही दाखवता येणार. मी पुसला."

साहेबांनी मान वर केली. "का पुसला?"

यांना प्रश्नच कळला नाही. "वाईट होता म्हणून."

"पुरावा होता तो, मास्तर. दुसऱ्यानं लिहिलं हे कशावरनं ठरवायचं आता? तुम्हीच लिहिलं आणि अंगाशी आलं तसं पुसलं, असं मी म्हटलं तर?"

"मी पुसलं म्हणजे..." हे म्हणाले आणि थांबले. "साहेब, आमच्याकडे पुसलं की मिटतं."

पलीकडचा हवालदार हसला. साहेब हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हेही मला सांगितलं पाहिजे. बाहेर जमाव होता, वरून फोन येत होते, आणि त्यांच्या हातात कागदावरचा एकच चेहरा होता. त्यांनी कुणाला तरी विचारलं, ती साइटवाली कंपनी माहिती देते का. उत्तर आलं, पत्र वर पाठवावं लागेल, तिथून दिल्लीला, तिथून बाहेर. साहेबांनी राहू दे म्हणून हात हलवला.

संध्याकाळी सोडलं. सोडताना यांना सांगितलं, "बोलावलं की यायचं. गाव सोडून जायचं न्हाई. संगणक राहूदे हितंच."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

बाहेर वस्ताद आणि तालमीची माणसं होती, त्यांनी आम्हाला मधे घेऊन घरी आणलं. आठवडाभर कुणी ना कुणी बोळाच्या तोंडाशी बसत असे. एकदा दुपारी आठ-दहा अनोळखी मुलं मोटरसायकलींवरून आली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते.

"मास्तर कुठाय?"

"का, शिकवणी लावायची हाय?" वस्तादांचा आवाज.

"म्हाताऱ्या, बाजूला हो."

"पावणं, खुर्ची माझी हाय, बोळ माझा हाय. तुमी कुठलं? नाव सांगा, पेठ सांगा, बसा, बोलू."

त्यांनी नाव सांगितलं नाही, पेठही सांगितली नाही. थोडा वेळ गाड्या घुरघुरवल्या आणि गेले. आत आमच्या खोलीत हे कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. वर्गातल्या मुलांना उभ्याउभ्या हत्ती काढून दाखवणारा माणूस. मी त्यांच्याजवळ बसले. माझे दात वाजत होते आणि मी तोंडावर पदर दाबून धरला होता, कारण तो आवाज बाहेर जाईल असं मला वाटत होतं.

हळूहळू गाव दुसऱ्या गोष्टीकडे वळलं. शाळेनं महिनाभर रजेवर पाठवून परत घेतलं. शेजारच्या पेठेच्या फळ्यावर एके दिवशी कुणीतरी लिहिलं, "सर आमचेही आहेत." सामान्य माणसांच्या लेखी प्रकरण संपलं होतं. आमच्या लेखी ते सुरूच होतं, कारण संपल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

यांनी फळा लिहिणं सोडलं. दुसऱ्या कुणाला तरी दिला.

गाव सोडून जायचं नाही, याचा अर्थ आम्ही रोज नव्यानं लावत असू. गाव म्हणजे शहर की तालुका? माझी बहीण कोडोलीला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

"कोडोली काय गावाबाहेर आहे का?" मी म्हटलं.

"पन्हाळा तालुका."

"अहो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ."

"आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर? पळाला म्हणतील."

"मग विचारून या ना."

"अगं, विचारायला गेलं की त्यांना आठवण होणार. विसरले असतील तर कशाला आठवण करून द्यायची?"

लग्नाला मी एकटी गेले. बहिणीनं विचारलं तेव्हा सांगितलं, त्यांना बरं नाही. पुढे तेही खरं झालं.

घरात फोन वाजला की हे उठून उभे राहत. मग मी फोनवर उशी ठेवायला लागले. गल्लीत खाकी कपड्यातला माणूस दिसला, मग तो पोस्टमन का असेना, की त्यांच्या हातातला घास तसाच राहत असे. वृत्तपत्रात कुठेतरी कुणाला इंटरनेटवर लिहिल्याबद्दल धरल्याची बातमी आली की ते ती दोनदा वाचत आणि तो पेपर रद्दीत सगळ्यात खाली ठेवत. मी ग्रंथालयातून कायद्याची पुस्तकं आणली. त्यांत माहिती तंत्रज्ञानाचा कायदा होता. त्यात मधल्या माणसाची जबाबदारी, म्हणजे ज्याच्या जागेवर दुसरा लिहितो त्याची, यावर कलम होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझे यजमान त्यात बसतात की ती परदेशी कंपनी, मला नीट कळलं नाही. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "गुन्हा दाखल झालाय का ते आधी बघावं लागेल." यांनी बघू दिलं नाही. कारण तेच, आठवण करून द्यायची नाही.

वस्तादांनी एकदा आपणहून चौकशी केली. तोवर चौकीतले साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी सांगितलं, बघू. वस्ताद आम्हाला म्हणाले, "बघू म्हनलेत." ते ऐकून हे दोन दिवस झोपून राहिले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. त्यांनी चिठ्ठीही दिली. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "उद्याच निघू."

"बघू," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

मी रडले, भांडले. दिरांना बोलावलं. दीर म्हणाले, "दादा, मी स्वतः जाऊन विचारतो चौकीत." यांनी त्यांचा हात धरला. "मी पाया पडतो तुझ्या, पण जाऊ नकोस. या महिन्यात नाही आलं बोलावणं तर पुढच्या महिन्यात आपण पुण्याला जाऊ." असं ते प्रत्येक महिन्याला म्हणत.

माघातल्या एका सकाळी ते शाळेसाठी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि परत उठले नाहीत.

अस्थी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, वाडीला सोडाव्यात अशी त्यांची इच्छा होती. दिरांनी गाडी ठरवली. गाडी दारात आली आणि कलश हातात घेऊन मी उंबऱ्याशी थांबले. वाडी शहराबाहेर. मला पाऊल उचलता येईना. हे वेडेपणाचं होतं, हे मला त्याही वेळी कळत होतं. मी दिरांना म्हटलं, "आधी चौकीवर."

"वहिनी, आता कशाला?"

"त्यांना गाव सोडून जायचं नाही म्हणून सांगितलंय."

दिरांनी गाडीचं दार उघडलं. त्यांनी गाडी चौकीवर नेली. कलश त्यांच्या मांडीवर दिला आणि मी आत गेले.

एक तरुण अधिकारी होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एका जुन्या हवालदाराला हाक मारली. हाच तो हसलेला हवालदार. त्याला आठवत होतं.

"व्हय की. फळेवाले मास्तर. ती चौकशी तर कवाच बंद झाली, साहेब. गुन्हा दाखलच न्हवता. पंधरा दिवसांत गुंडाळली."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, ते मोकळेच होते."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं असं काही नसतं. बोलावलं नाही म्हणजे संपलं."

हवालदार म्हणाला, "आणि बाई, मास्तर स्वतः आलं असतं तर सांगितलं असतं की. आलंच न्हाईत."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मी उठले. अधिकारी दारापर्यंत आले. गाडीतला कलश त्यांना दिसला आणि त्यांनी टोपी काढली.

त्यानंतर काही वर्षांनी कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, शासनानं इंटरनेटवर नियंत्रण ठेवावं का. मुलं ग्रंथालयात संदर्भ मागायला येत. एक मुलगी दोन दिवस माझ्यासमोर बसून टिपणं काढत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, दोन्ही बाजूंचं वाचलं आणि आता काहीच ठरंना झालंय. तुम्हाला काय वाटतं?"

मी तिला पुस्तकाचं पान काढून दिलं आणि म्हटलं, हे वाच. पण मी तिला काय सांगितलं असतं, ते आता लिहिते.

नियंत्रण नको असं मी कधी म्हणणार नाही. डेअरीतल्या त्या बापाच्या समोर उभं राहून तसं म्हणायची माझी हिंमत नाही. पण ज्याला कुणाला धरण्याचा अधिकार द्याल, त्याच्यावर सोडल्याचं सांगण्याचंही काम टाका. तोंडानं, त्या माणसासमोर उभं राहून, चारचौघांत. फळा पुसणारा हात चौकाला दिसत असे. कुणाचा आहे ते माहीत असे, आणि त्या हाताच्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून जायचं असे. सरकारचा हात मला दिसला नाही. तो कधी आला ते कळलं, कधी उचलला ते कळलं नाही. माझे यजमान त्याच्याखाली दोन वर्षं राहिले आणि तो तिथं नव्हता.

त्या मुलीनं बाजूनं भाषण केलं की विरोधात, मी विचारलं नाही. ती जिंकली एवढं कळलं.

आता नियम पुष्कळ झाले आहेत असं वाचते. ती साइट बंद पडली, दुसऱ्या आल्या. मी निवृत्त झाले. फोनवर सगळं येतं. मी वाचते, उत्तर देत नाही, कुणाच्या वाढदिवसालाही दोन शब्द लिहीत नाही. भाचे म्हणतात, "मावशी, एक अंगठा तरी दाबत जा." मी हसते. हे कागदावर लिहिलं आहे आणि त्याला बराच काळ लागला.

घरात मी एकटी असते. मला अजून भीती वाटते.